‘फॉर्मॅटर लावा, विषय संपला’ म्हणे!

प्रोग्रामरांच्या ग्रुपांवर इंडेंट (कोडच्या ओळीआधीची मोकळी जागा) आणि फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारं टूल) यांवरून एक मेसेज वरचेवर फिरतो: ‘इंडेंटवरून भांडू नका, फॉर्मॅटर लावा. ओळ लांबली की तो तोडतो, पुढची ओळ एक पायरी आत घेतो, सगळी टूल्स हेच करतात. आणि इंडेंट म्हणजे नुसतं दिसणं.’ फॉर्मॅटर मीही रोज वापरतो, पण या मेसेजमधलं जवळजवळ एकही वाक्य धड टिकत नाही.

‘ओळ लांबली की तो तोडतो.’ गो भाषेचा फॉर्मॅटर गोफएमटी तोडतच नाही. त्याला ओळीची मर्यादाच नाही. तुम्ही जिथे एंटर मारला तिथे ओळ तुटते, तो इंडेंट आणि रकाने तेवढे जुळवतो.

‘एक पायरी आत, सगळीकडे तेच.’ खरी गंमत इथे आहे. सी, सी++ वगैरेंसाठीच्या क्लँग-फॉरमॅटच्या एलएलव्हीएम शैलीत ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) दोन घरं, म्हणजे दोन स्पेस, आत जातो, पण तुटलेली ओळ शक्यतो उघड्या कंसाखाली जुळवली जाते:

हिशेब_काढ(मुद्दल, व्याजदर,
          वर्षे)

आता फंक्शनचं नाव बदलून ‘एकूण_हिशेब_काढ’ करा. दुसऱ्या ओळीतलं एक अक्षर बदललेलं नाही, तरी ती उजवीकडे सरकते आणि डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) लाल-हिरवी होऊन बसते. एका नावाच्या बदलासाठी पानभर डिफ वाचलाय मी. रिव्ह्यू करणाऱ्याचा जीव जातो. म्हणून पायथनचा फॉर्मॅटर ब्लॅक वेगळा रस्ता धरतो:

हिशेब_काढ(
    मुद्दल,
    व्याजदर,
    वर्षे,
)

इथे नाव बदललं तर एकच ओळ बदलते. पण शेवटचा तो स्वल्पविराम बघा. तो असला की सगळं 88 घरांच्या ओळीत मावत असूनही ब्लॅक उभी मांडणीच ठेवतो. जावास्क्रिप्टचा फॉर्मॅटर प्रेटियरही ऑब्जेक्टच्या पहिल्या कंसानंतर तुम्ही ओळ तोडली होती का, हे बघून ठरवतो. म्हणजे टूल लावूनही शेवटचा शब्द तुमचाच.

गूगलच्या जावा शैलीत ब्लॉकला दोन घरं आणि तुटलेल्या ओळीला किमान चार. उगाच नव्हे. तुटलेली अट आणि तिच्याखालचा ब्लॉक एकाच रेषेत आले तर अट कुठे संपली ते डोळ्याला कळत नाही. पायथनमध्ये ‘इफ’, एक स्पेस आणि कंस मिळून नेमकी चार घरं होतात, म्हणून कंसाखाली जुळवलेली अट थेट ब्लॉकच्या रेषेत येते. पेप 8 ने (पायथनच्या कोडशैलीच्या मार्गदर्शिकेने) ही अडचण सांगून ठेवलीय, सक्तीचा तोडगा मात्र दिलेला नाही. ब्लॅक बंद होणारा कंस स्वतंत्र ओळीवर, डावीकडे आणतो आणि प्रश्न सोडवतो.

‘नुसतं दिसणं.’ अर्धं खरं. पायथनमध्ये कंसाच्या आत ओळ तुटली तर इंडेंट किती, याला भाषा विचारत नाही. पण ओळ कुठे तुटते याला अर्थ असतो: जावास्क्रिप्टमध्ये ‘रिटर्न’नंतर एंटर मारून किंमत खाली लिहा, भाषा ‘रिटर्न’पुढे स्वतःच अर्धविराम घालते आणि हातात ‘अनडिफाइन्ड’ येतं.

आता आपल्या घरचा, म्हणजे मराठीचा प्रश्न. वरचं पहिलं उदाहरण तुमच्या फोनवर वाकडं दिसलं का? दिसणारच. दुसऱ्या ओळीत दहा स्पेस आहेत, कारण कंसापर्यंत दहा कोडपॉइंट (संगणक मोजतो ते लिपीचे सुटे तुकडे) होतात. पण वेलांटी, मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात आणि दिसताना अक्षराला चिकटतात. ‘मुद्दल’ दिसायला तीन अक्षरं, मोजायला सहा. गोफएमटी ज्या टॅबरायटरवर (गोच्या रकाने जुळवणाऱ्या लायब्ररीवर) उभा आहे तो प्रत्येक कोडपॉइंटची रुंदी सारखीच धरतो, आणि हे त्याच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलंही आहे. गोच्या मॅपमध्ये (कळ आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीत) ‘मुद्दल’ आणि ‘दर’ अशा कळा (कीज) ठेवा: ‘दर’पुढे चार जादा स्पेस पडतात आणि किमतींचा रकाना सरळ येत नाही. (गोमध्ये व्हेरिएबलचं नाव ‘मुद्दल’ ठेवताच येत नाही, उकार आणि हलन्त त्याला अक्षर वाटत नाहीत. पायथन 3 ला चालतं.) मी अशा मॅपमध्ये कळा रोमनमध्ये ठेवतो आणि मराठी मजकूर किमतीच्या बाजूला ढकलतो. त्या ओळीत किमतीपुढे टीप (कमेंट) लिहायची नाही, नाहीतर ती वाकडी जाते.