‘हिरवं छत म्हणजे गळकं छत’ : फिरत्या संदेशाला उत्तर

कॉलेज आणि विद्यापीठांच्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : हिरवळीसाठी छतावर माती टाकली की स्लॅब गळणारच, हाँगकाँगच्या विद्यापीठात हिरव्या छतापायी सभागृह कोसळलं, हे थंड देशांचं फॅड, आपल्याकडे पाणी कुठून आणणार, आणि एवढं करून उपयोग फोटोपुरताच. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, शैक्षणिक इमारतींची छतं तपासणं माझं रोजचं काम. संदेशातली एक घटना पूर्ण खरी आहे, पाण्याची काळजीही रास्त आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगले प्रस्ताव बैठकीतच मारले जाताहेत.

हाँगकाँगपासून सुरुवात करतो, कारण भीती तिथूनच पसरते. २० मे २०१६ रोजी सिटी युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगमधल्या एका बहुउद्देशीय सभागृहाचं छत कोसळलं, तीन जण जखमी झाले. संदेश इथेच थांबतो. ते छत बांधलं तेव्हा हिरवळीचा विचारच नव्हता. मधे खांब नसलेल्या, लांब गाळ्याच्या छतावर ती मागाहून चढवली गेली. वरचा गिलाव्याचा थर मूळ डिझाइनपेक्षा जाड होता, त्यावर हिरवळीचं वजन आलं, आणि पाणी साचलं होतं. हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर १ सेंमी पाणी साचलं की १० किलो वजन वाढतं. छत जरा वाकलं की तिथे आणखी पाणी साचतं, ते आणखी वाकतं. चूक हिरवळीची नव्हती, जुन्या छतावर नवा भार चढवण्याची होती.

भाराबद्दल आणखी एक सांगायला हवं. आपल्या बहुतेक गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला थर असतो. १०-१२ सेंमीचा कोबा चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भरतो. १० सेंमी भिजलेली माती दीडशे ते दोनशे. म्हणजे हे वजन आपल्या स्लॅबला परकं नाही. नव्या इमारतीत कोब्याऐवजी चांगलं वॉटरप्रूफिंग आणि त्यावर मातीचा पातळ थर, असा विचार सुरुवातीलाच करता येतो. जुन्या इमारतीत मात्र कोबा तसाच ठेवून वर माती पसरायला मी कधीच होकार देत नाही.

आता गळती. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजने बोलावलं : छतावर लॉन लावलं आणि खालच्या प्रयोगशाळेत पाणी टपकायला लागलं. मी कोपऱ्यातली माती हाताने उकरली. पावसाच्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर सिमेंटची रिकामी गोणी दबलेली होती, गाळ आणि मुळांनी ते भोक गच्च बंद झालं होतं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर तिथे पाणी साठवून एकदाही चाचणी घेतली नव्हती. मुळं अडवणारा थरच नव्हता. अशी गच्ची माती नसतानाही गळली असती. उलट वॉटरप्रूफिंगचा थर नीट घातलेला असेल, तर वरच्या मातीने तो जास्त टिकतो, कारण त्याला थेट ऊन लागत नाही आणि दिवसरात्रीच्या आकुंचन-प्रसरणाने तो तडकत नाही. पोलंडमधल्या वॉर्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या छतावर २००२ पासून बाग आहे, लोक तिथे फिरायला येतात. खाली पुस्तकं आहेत. पुस्तकांच्या डोक्यावर बाग करायला कुणी धजावतं, ते वॉटरप्रूफिंगवर भरवसा असतो म्हणूनच.

‘थंड देशांचं फॅड’ हे तर मला मनापासून खटकतं. सोलापूर-मराठवाड्यातली माळवदाची घरं आठवा. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी माळवदावर चढून उगवलेलं गवत उपटायचं, माती चोपून बसवायची, पन्हळ मोकळी करायची, हे आजोबांच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि विद्यापीठंच बघायची तर सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या कला विभागाची उतरती गवताळ छतं २००६ची. बँकॉकजवळच्या थम्मासात विद्यापीठात २०१९ साली २२,००० चौरस मीटरचं छत भातखाचरांसारखं पायऱ्यापायऱ्यांनी उतरवलं. पावसाचं पाणी त्या पायऱ्यांवरून झिरपत खालच्या तळ्यांत जातं, आणि छतावर पिकलेलं कॅन्टीनमध्ये शिजतं. दोन्ही ठिकाणं आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळची.

पाण्याच्या मुद्द्यावर मात्र मी संदेश लिहिणाऱ्याच्या बाजूने उभा आहे, अर्ध्यापर्यंत. मे महिन्यात जिथे टँकर येतो तिथे छतावर लॉन लावणं चूकच. पण लॉनच कशाला? कास पठार पाहा. कातळावर काही सेंटीमीटर माती, चार महिने पाऊस, उरलेलं वर्ष कोरडं. तरी पावसात फुलतं, उन्हाळ्यात तपकिरी होतं, पुन्हा जूनमध्ये उगवतं. तिथली रोपं आणायची नाहीत, ते पठार जागतिक वारशात आहे. पण धडा घेता येतो : स्थानिक गवतं लावा आणि उन्हाळ्यात ती वाळू द्या. वाळलेल्या छताची लाज वाटायचं कारण नाही. फक्त आगीची काळजी म्हणून वेळेवर कापणी हवी. फारच कोरड्या भागात पांढरा रंग किंवा चायना मोझॅक (फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) स्वस्त आणि पुरेसं आहे, तिथे मी तेच सुचवतो.

‘फोटोपुरतं’ यावर थोडक्यात. थंडावा मुख्यतः वरच्या मजल्याला मिळतो. पाच मजली इमारतीचं वीजबिल निम्मं होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण वरच्या मजल्यावरच्या वर्गात एप्रिलच्या दुपारी बसणाऱ्या मुलांना तो फरक कळतो.

तुमच्या संस्थेत असा प्रस्ताव आला, तर तीन गोष्टी मागा. माती पूर्ण भिजलेली धरून केलेला भाराचा हिशेब, सहीसकट. माती टाकण्याआधी किमान ४८ तास पाणी साठवून घेतलेल्या चाचणीची नोंद. आणि दर मे महिन्यात पाइपांची तोंडं साफ कोण करणार, गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे असणार, त्या माणसाचं नाव.