परदेशात माल पाठवायचाय? सर्टिफिकेटचं मागून बघू!

चीनला जाणारा आमचा कंटेनर मागचे आठ दिवस जागचा हललेला नाही. कारण त्यातल्या फोन चार्ज करायच्या एका अडॉप्टरमधला वाटाण्याएवढा निळा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा छोटा पार्ट. या आठ दिवसांत जे ज्ञान मिळालं ते एकट्याने पचवणं शक्य नाही, म्हणून निर्यातीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तमाम उद्योजकांना ते फुकट वाटतोय.

पहिलं म्हणजे, आधी डिझाइन पूर्ण करा, साचे पाडा, खोकी छापा, बायरला तारीख द्या. मग एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सहज विचारा, "त्या देशात काही सर्टिफिकेट वगैरे लागतं का हो?" साचे आधी पाडणं फार महत्त्वाचं. अशा मालाच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटर उंचीपर्यंतच्या वापराचा विचार करतं. चीन ५००० मीटरचा करतो, नाहीतर तसं इशाऱ्याचं लेबल लावा म्हणतो. उंचावर हवा विरळ, ठिणगी लवकर उडी मारते, म्हणून दोन भागांमधलं अंतर जवळपास दीडपट ठेवावं लागतं. साचा तयार असला की हे अंतर वाढवायचा मोहच होत नाही.

दुसरं, मालावर युरोपचा सीई हा सुरक्षिततेचा मार्क असला की जग जिंकलं. जपानचा पीएसई, कोरियाचा केसी, चीनचा सीसीसी हे सगळं हौसेखातर काढलेलं आहे. सीई बऱ्याच मालासाठी आपला आपणच जाहीर करता येतो, एवढं ऐकलं की उठून चालू लागा. त्यासाठी टेस्ट रिपोर्टसकट टेक्निकल फाइल बनवून १० वर्षं सांभाळावी लागते, हे पुढचं वाक्य ऐकायला थांबू नका. मार्कमधल्या अक्षरांची उंची किमान ५ मिलिमीटर हवी, एवढं पाठ करा. सुरक्षितता म्हणजे शेवटी अक्षरांची उंचीच.

जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. असू दे, वीज ती वीजच.

"टेस्टिंगची गरज नाही, पंधरा दिवसांत हातात देतो," म्हणणारा कन्सल्टंट भेटला तर त्याला सोडू नका.

आणि घाई कधीच करू नका. ब्रिटनने २०२१ च्या जानेवारीत स्वतःचा यूकेसीए मार्क आणला, सक्तीची तारीख पुढे पुढे ढकलली आणि २०२३ मध्ये सांगून टाकलं की बऱ्याच मालाला सीई बेमुदत चालेल. ज्यांनी इमानदारीने वेळेत लेबलं बदलली ते हात चोळत बसले. आळशी माणूस जिंकल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे, आणि आमच्या साहेबांना नेमकं तेवढंच तोंडपाठ आहे.

आता मुख्य मंत्र. लॅबला पाठवायचं सॅम्पल नवरीसारखं नटवा. उत्तम फ्यूज, उत्तम ट्रान्सफॉर्मर, आग न पकडणारं प्लास्टिक, सगळे पार्ट सर्टिफाइड. रिपोर्ट आला, सर्टिफिकेट फ्रेम करून रिसेप्शनला लागलं, की लगेच व्हेंडर बदला. रिपोर्टच्या मागे महत्त्वाच्या पार्टची यादी असते, प्रत्येकाचा मेक आणि मॉडेल नंबर लिहिलेला असतो, ती पर्चेसवाल्यांना चुकूनही दाखवू नका. आम्ही नाही दाखवली. मग कारखान्याच्या ऑडिटला आलेल्या माणसाने लाइनवरचा एक अडॉप्टर उचलला, उघडला, यादी शेजारी ठेवली. आमचे पर्चेसवाले छाती पुढे काढून म्हणाले, "सर, कपॅसिटर दुसऱ्या कंपनीचा असला तरी व्हॅल्यू तीच आहे. रंगसुद्धा तोच आहे!" त्याने काही न बोलता फोटो काढला. सर्टिफिकेट सस्पेंड. आणि त्या दिवसापासून कारखान्यात एकच चर्चा: हे परदेशी लोक मुद्दाम अडवतात, त्यांना आपला माल नकोच आहे, स्टिकरचा धंदा आहे सगळा.

रंग तोच आहे! अहो, तो वाय कपॅसिटर आहे. एका बाजूला २२० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला फोनला जाणारी केबल, या दोघांच्या मध्ये तो बसतो. बिघडला तरी तो शॉर्ट होऊ नये, अशा पद्धतीने बनवलेला आणि तपासलेला असतो, म्हणून तर तो महाग असतो. साधा कपॅसिटर तिथे ठोकलात आणि तो शॉर्ट झाला, तर मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटची वीज थेट केबलमध्ये उतरते, आणि ती केबल कुणाच्या तरी हातात असते. मग तिथे व्हॅल्यू काय दाखवता?

बदल करायलाही कुणाची ना नव्हती. आधी कळवायचं, अर्ज टाकायचा, गरज पडली तर पुन्हा टेस्ट करायची. एका ईमेलचं काम होतं. ते केलं नाहीत, वर ज्याने पकडलं त्यालाच शिव्या घालताय. लाज वाटायला हवी. नशीब समजा की त्याने उघडून पाहिला, माल तिकडे पोहोचल्यावर एखाद्या घरात उघडा पडला नाही.

आणि कालच्या मीटिंगमध्ये ज्यांनी सुचवलं ना, की हा लॉट जिथे कुणी तपासत नाही अशा बाजारात काढून टाकू, त्यांनी त्यातला एक आज घरी न्यावा आणि रात्रभर स्वतःच्या पोराच्या उशाशी लावून ठेवावा. उद्या सकाळी मी स्वतः डिस्पॅचच्या कागदावर सही करतो.