एलीयाला आधी भाकर दिली होती

मागच्या रविवारी चर्चच्या उपासनेत साक्षीच्या वेळी एक मुलगी उभी राहिली. कॉलेजात शिकते, पहिल्यांदाच पुढं आली होती. म्हणाली, रात्री छातीत धडधड होते, झोप लागत नाही, कशाची भीती वाटते तेही सांगता येत नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा. मागून लगेच कुणीतरी म्हणालं, "जिथं भीती आहे तिथं विश्वास नाही, बाळा. पूर्ण प्रीती भीती घालवून देते." पोरगी ओढणी सावरत खाली बसली. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

ते वचन बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं, 1 योहान 4:18 मधलं आहे. त्याच वचनात पुढं भीतीमध्ये शासन म्हणजे शिक्षा असते असं म्हटलंय, आणि त्याच्या आदल्या वचनात न्यायाच्या दिवसाची गोष्ट चाललीय. देव मला शिक्षा करील ही जी धास्ती असते, ती त्याच्या प्रीतीनं जाते, असं योहान सांगतो. रात्री झोप न येणाऱ्या पोरीला गप्प बसवायला त्यानं ते लिहिलेलं नाही.

"भिऊ नको" हे शब्द बायबलात 365 वेळा आहेत, रोज एक, असं आपल्याकडं हौसेनं सांगतात. मोजायला बसलं तर तेवढे भरत नाहीत. भरायची गरजही नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते शब्द जवळपास दरवेळी आधीच घाबरलेल्या माणसाला सांगितलेत. बेथलेहेमच्या मेंढपाळांना मोठी भीती वाटली, मग दूत म्हणाला, भिऊ नका. येशूचा शिष्य पेत्र लाटांवर बुडायला लागला तेव्हा येशूनं आधी हात धरला. "तू संशय का धरलास" हे नंतर विचारलं. आपण नेमकं उलटं करतो. सवाल आधी विचारतो, हाताचं राहूनच जातं.

आता माझं सांगते. जालन्याकडची आहे, म्हणजे मोसंबीच्या मुलखातली. 2012 चा पाऊस गेला आणि 2013 च्या उन्हाळ्यात आमची नऊ वर्षांची बाग डोळ्यांदेखत वाळली. टँकर विकत घेतले, बुडाला पाचट घातलं, अर्धी झाडं सोडून अर्ध्यांनाच पाणी दिलं. पानं आधी गुंडाळली, मग फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या. कर्ज होतंच. आमचे हे बोलायचे कमी झाले, मग जेवायचे कमी झाले. मराठवाड्यातल्या बाईला अशा वेळी कसली भीती वाटते ते वेगळं सांगायला नको. शेडमधलं फवारणीचं औषध मी गुपचूप शेजारच्या काकूंकडं नेऊन ठेवलं. कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

रोज प्रार्थना करत होते. भीती एका दिवसानंही कमी झाली नाही, हे मी देवासमोर खरं सांगते. आणि चर्चमध्ये हे बोलायची सोय नव्हती, कारण दर शुक्रवारी कुणी ना कुणी उठून सांगायचं, प्रभूनं माझी सगळी भीती काढून टाकली. मी मान खाली घालून बसायची. वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे.

एका रात्री दोनच्या सुमाराला जाग आली तर यांची बाज रिकामी. बॅटरी घेऊन बागेत गेले. हे बांधावर बसले होते. हातपाय कापत होते माझे. "काय करायलात इथं?" "काही नाही." महिनाभर जो प्रश्न ओठांवर येऊन परत जात होता, तो त्या रात्री विचारला. "तुमच्या मनात जिवाचं काही येतंय का?" किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग म्हणाले, "येतं."

मला एकही वचन आठवलं नाही. म्हटलं, "घरी चला, दोन घास खाऊन घ्या." रात्रीची गार भाकर आणि शेंगदाण्याची चटणी चुलीजवळ बसून खाल्ली यांनी. आणि झोपले.

पुढं कधीतरी बायबलात 1 राजे 19 वाचताना मी थबकले. एलीया संदेष्टा. साडेतीन वर्षांचा दुष्काळ पाहिलेला माणूस, ज्याच्या प्रार्थनेनं पाऊस आला, तो ईजबेल राणीच्या एका धमकीच्या निरोपानं जीव घेऊन पळाला. चाकराला बैरशेब्यात मागं ठेवून एकटाच रानात गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवानं काय केलं? विश्वास कमी पडला म्हणून झापलं नाही. झोपू दिलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली. परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं झालं ते थेट होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. तिथंही त्याला कळलं की तो एकटा नाही, देवाला धरून राहिलेले आणखी सात हजार आहेत, आणि सोबतीला शिष्य अलीशा मिळाला.

मला मिळालेलं धैर्य असं होतं. भीती तशीच होती, पण तिच्यासकट तोंड उघडता आलं. सकाळी दिरांना सांगितलं. पाळकसाहेब आले, प्रार्थना दोन मिनिटांची केली आणि दोन तास नुसते बसून राहिले. मग डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा एकानं मला विचारलं, प्रभूवर भरवसा नाही का? अहो, बायबलात प्रेषित पौलाच्या बरोबरचा लूक वैद्यच होता ना? आज कुणाच्या घरात अशी रात्र चालू असेल तर 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं. तो फोन लावणं ही मला प्रार्थनेइतकीच विश्वासाची गोष्ट वाटते.

आपण जालनेकर रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं नाव अभिमानानं घेतो. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं निजामाच्या राज्यात येऊन जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्यांच्यामागं आलेली जी गोरगरीब कुटुंबं होती, गावाशी वैर पत्करून आलेली, त्यांना रात्री झोप लागली असेल असं मला वाटत नाही. तरी ती आली. म्हणून तर आपण आहोत.

त्या मुलीकडं मी काल गेले होते. ज्वारीची भाकर नेली होती, पिठलं तिच्या आईनं केलं. बायबल पिशवीत होतं, ते काढायची वेळ आली नाही. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. पुन्हा जाणार आहे.

हे टाकायच्या आधी यांना वाचून दाखवलं. नाव नको असेल तर नाही टाकत म्हटलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बागेतली जी वाळलेली झाडं त्या जूनमध्ये सरपणाच्या दरानं तोडून दिली, त्यांचा आकडा मी आधी 190 लिहिला होता. म्हणाले, "192 होती. बाकी राहू दे."