हे वाक्य तुझं आहे का?

गेल्या बुधवारी संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ओळखीतली एक मुलगी आली. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप उघडता उघडताच म्हणाली, "काकू, प्लेजरिझम सत्तावीस टक्के आलंय. दहाच्या खाली आणून द्याल?" म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळतो, तो संगणकानं काढलेला आकडा. ताप आलाय, तेवढा उतरवून द्या म्हणावं, तशा सुरात.

मी चहा टाकला आणि तिची वही मागितली. "कसली वही?" वाचताना काढलेल्या टिपणांची. वही नव्हतीच. चौतीस पीडीएफ होत्या, जागोजागी पिवळ्या रंगानं माखलेल्या, आणि एका वर्ड फाइलमध्ये त्या पिवळ्या तुकड्यांची गोधडी. मध्ये मध्ये ‘त्याचप्रमाणे’ आणि ‘यावरून असे दिसते की’ असे टाके.

तिला हसणं सोपं होतं. पण मी हसले नाही, कारण ही गोधडी मीही शिवलेली आहे, आणि तीही लॅपटॉप नसताना, हातानं.

नव्वदच्या दशकात माझं डिझर्टेशन बडोदा संस्थानातल्या फिरत्या वाचनालयांवर होतं. विषय मोठा रसाळ. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. तो १९१३ पर्यंत इथं राहिला, ग्रंथपालांचे वर्ग काढले, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवायची व्यवस्था लावली. १९१२ पासून वाचनालयांविषयी एक त्रैमासिकही इथून निघायचं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत ज्यांनी लोखंडी रॅकांमधून काचेच्या जमिनीवर चालून पुस्तकं काढलीत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पहिल्यांदा पाय ठेवताना पोटात गोळा येतो.

तर मी तिथं बसून वर्षभर वह्या भरल्या. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, शीर्षकांखाली दोन रेघा. आणि त्या सगळ्या वह्यांत एकही पान क्रमांक नाही. अवतरणचिन्ह नाही. जे आवडलं ते उतरवलं, मध्येच स्वतःला काही सुचलं तर तेही त्याच ओळीत, त्याच शाईनं. लिहायला बसले तेव्हा वही उघडली आणि वाहत गेले. सरांना दोन प्रकरणं दिली. परत आली तेव्हा पाच ठिकाणी समासात पेन्सिलीनं एकच प्रश्न होता: हे वाक्य तुझं आहे का?

मला सांगता येईना. खरंच येईना. चोरी करायची म्हणून केली असती तर निदान कुठून चोरलं ते तरी लक्षात राहिलं असतं! त्या पाचांतलं एक वाक्य तर मी आईला माझं म्हणून वाचून दाखवलं होतं. ते एका जुन्या सरकारी अहवालातलं निघालं. पुढचे तीन आठवडे सकाळी मांडवी आणि दुपारी विद्यापीठातली हंसा मेहता लायब्ररी, असं करत मी माझ्याच वह्यांतल्या वाक्यांचे मालक शोधत फिरले. त्यातली दोन शेवटपर्यंत सापडली नाहीत, ती काढून टाकली. अजून मनात येतं, त्यांतलं एक कदाचित माझंच असेल.

सरांनी तेव्हा रागावण्याऐवजी एक रीत शिकवली. साधीच आहे, पण मला ती एम.ए.ला येईपर्यंत कुणी सांगितली नव्हती. वहीत आधी पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल आणि पान क्रमांक लिहायचा. मग दोन-तीन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं, उलटं ठेवायचं, आणि काय वाचलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. मग पुस्तक उघडून ताडून बघायचं. समासात ‘सा’ म्हणजे सार. लेखकाचं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणचिन्हांत, समासात ‘अ’. आणि स्वतःला जे सुचलं, खटकलं, पटलं नाही, त्यापुढे ‘म’. माझं. महिन्याच्या शेवटी वही चाळायची आणि ‘म’ किती आहेत ते मोजायचं. पहिल्या महिन्यात माझे तीन होते, आणि त्यातला एक म्हणजे ‘हे पुस्तक परत करणे’.

मला या सगळ्यातलं पुस्तक मिटणंच महत्त्वाचं वाटतं. बाकी रंगीत पेनं, अ‍ॅपं, वेळापत्रकं ज्याची त्याची हौस. पुस्तक उघडं असताना सगळंच आपल्याला कळलेलं असतं. मिटलं की कळतं, काय कळलं नव्हतं. यावर २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना एक उतारा दोनदा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तेव्हा न बघता लिहिणाऱ्यांना छप्पन्न टक्के आठवत होतं, आणि नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांना बेचाळीस. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री रट्टा मारणाऱ्याला सकाळी आपण फार हुशार आहोत असं वाटतं ते खोटं नसतं. फक्त ते आठवडाभर टिकत नाही.

आता यात त्या मुलीचा दोष किती? मला राग येतो तो इथं. पहिलीपासून आपण मुलांना दुसऱ्याची वाक्यं उतरवायला बसवतो. फळ्यावरचं उतरवा. बाईंनी सांगितलेलं उत्तर वहीत घ्या. निबंध गाईडमधला, भाषण काकांनी लिहून दिलेलं, प्रोजेक्ट नेटवरचं प्रिंट काढून फोल्डरमध्ये. जो शब्दन् शब्द उतरवतो त्याला ‘छान’ चा शेरा, आणि जो स्वतःच्या मनानं लिहितो त्याचा एक मार्क कापलेला, कारण ‘मुद्दा’ आला नाही. अशी पंधरा वर्षं गेली की विसाव्या-एकविसाव्या वर्षी अचानक एक यंत्र त्याच मुलाला सांगतं की हे चौर्य आहे. त्याला धक्का बसला तर नवल काय!

नियम कडक आहेत, असायला हवेतच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात साधर्म्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. शिवाय सर्वसामान्य माहितीचे सलग चौदा शब्दांपर्यंत जुळले तर ते धरत नाहीत. पण यातून मुलं शिकली काय? चौदा मोजायला. तेरा शब्द झाले की मध्ये एक ‘तथापि’ घुसवायचा. किंवा यंत्राकडून परिच्छेदाचं गुजरातीत भाषांतर करून तो परत मराठीत आणायचा. अशाच एका मुलाच्या मसुद्यात ‘फिरतं वाचनालय’ चं ‘भटकं ग्रंथघर’ झालेलं मी पाहिलंय. साधर्म्य शून्य. अर्थही शून्य. (दुसऱ्या एकानं एआयकडून संदर्भसूची करून आणली होती. त्यातले तीन लेख आम्ही शोध शोध शोधले, त्या नावाचे लेख लिहिलेच गेले नव्हते. लेखक मात्र खरे! त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल.)

उसनवारीचा हा प्रश्न आजचा नाही, आणि बडोद्याला तर तो माहीत असायला हवा. १९१६ साली इथं गायकवाड ओरिएंटल सिरीज ही जुन्या ग्रंथांची माला सुरू झाली, तिचं पहिलं पुस्तक राजशेखर या संस्कृत कवीची काव्यमीमांसा. अकराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस त्यात शब्द कसे उचलावेत, अर्थ कसा उचलावा, कुठली उचल चालते आणि कुठली चालत नाही याची प्रकरणंच्या प्रकरणं लिहितो. चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला व्यापारी नाही, असंही सांगून मोकळा होतो. (दुसरा भाग आमच्या मंगळ बाजारात मोठ्यानं म्हणू नये.) पण मला त्यातली सगळ्यात आवडते ती कवीची दिनचर्या. पहिला प्रहर अभ्यासाचा, दुसरा लिहिण्याचा, जेवणानंतर चार जाणकारांत बसून चर्चा, आणि चौथ्या प्रहरी सकाळी लिहिलेलं तपासायचं. का, तर लिहिण्याच्या भरात विवेकाची नजर चालत नाही. जास्तीचं काढा, कमी असेल ते भरा, जागा चुकलेलं हलवा, विसरलेलं आठवून घाला.

आमची मुलं चौथ्या प्रहरी सबमिट करतात. रात्री अकरा एकोणसाठला.

मला माहीत आहे, कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणार की ताई, सेमिस्टर पद्धतीत एवढा वेळ कुठंय, एकेका गाईडकडे किती मुलं असतात ते बघा. मान्य. पण चौतीस पीडीएफ रंगवायला तिला दोन महिने लागलेच होते ना? त्या चौतीसची गरजच नव्हती. आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहायचा, मग लेखाची सुरुवात आणि शेवट वाचून ठरवायचं की हा आपल्या कामाचा आहे का. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर तुमच्या विषयाजवळचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, त्यांची संदर्भसूची आधी बघा, अर्धा रस्ता तिथंच कळतो. संदर्भ ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. हे सगळं एका दुपारी शिकता येतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

जास्त अवघड गोष्ट दुसरी आहे, आणि ती आपल्या बडोदेकर मराठी घरांना विशेष लागू. ही मुलगी घरी मराठी बोलते, गल्लीत गुजराती, मैत्रिणींशी हिंदी, आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. तिचा मराठी मसुदाच अजून उसन्या वाक्यांचा, मग इंग्रजीत काय होणार? म्हणून मी लॅपटॉप बंद करायला लावला. म्हटलं, आता मला तोंडी सांग, तुझ्या विषयात तुला काय सापडलं.

तिचा विषय सयाजीरावांनी बडोदा संस्थानात आणलेलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. फाइलमध्ये प्रत्येक पानावर ‘द्रष्टे’ आणि ‘पुरोगामी’ हे शब्द. तोंडानं बोलायला लागली तेव्हा आधी तेच आलं: १८९३ ला अमरेलीत सुरुवात, १९०६ ला सगळ्या संस्थानात. मग थांबली. म्हणाली, "पण काकू, कायद्यात मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा. मुलग्यांना पाच वर्षं आणि मुलींना तीन का?"

मी म्हटलं, हे कुठे लिहिलंयस? कुठेच नाही. कुठल्याही पीडीएफमध्ये पिवळं केलेलं नव्हतं, म्हणून घेतलं नाही!

मग ती सात-आठ मिनिटं बोलत होती. लग्नाचं वय, शिक्षिका कुठून आणायच्या, घरातल्या धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार. काही अंदाज होते, काही चुकीचेही असतील, तपासावे लागतील. पण एकही वाक्य उसनं नव्हतं. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून तिला पाठवलं आणि सांगितलं, हे आधी मराठीत उतरव, इंग्रजी नंतर बघू. टक्क्यांविषयी मग दोघीही बोललो नाही.

आज सकाळी ती परत आली. रावपुऱ्यातून घेतलेली दोनशे पानी वही, पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, साल, पान क्रमांक, दोन ‘सा’, एक ‘अ’. आणि खाली ‘म’ घालून लिहिलेलं: मुलींना तीनच वर्षं का, हा प्रश्न कुणीच विचारलेला नाही.

मी ‘कुणीच’ खाली पेन्सिलीनं रेघ मारली. "किती जणांना वाचलंस?"

बोटांवर मोजलं. "पूर्ण असे चार."

तिनं ‘कुणीच’ खोडलं, वर ‘मी वाचलेल्या चौघांनी’ असं लिहिलं, आणि चिवड्याची वाटी स्वतःकडे ओढली.