जीटी-40 मधले ‘40’ कशाचे?

‘फक्त 40 गाड्या बनवल्या म्हणून नाव फोर्ड जीटी-40, आणि ले मान्सची 24 तासांची शर्यत सलग चार वर्षे जिंकणारी ही गाडी पक्की अमेरिकन’ असा मजकूर सध्या फिरतोय. चार विजय खरे, 1966 ते 1969. बाकी सगळी गडबड आहे.

40 हा आकडा उंचीचा. जमिनीपासून छतापर्यंत जेमतेम 40 इंच, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेएवढी गाडी! उंचापुऱ्या अमेरिकन चालक डॅन गर्नीचे हेल्मेट आत मावेना, म्हणून 1967 च्या मार्क-4 या आवृत्तीच्या छताला चक्क फुगवटा काढावा लागला.

आता ‘अमेरिकन’पणाचे. पैसा आणि इंजिन अमेरिकेचे, पण मूळ कल्पना ब्रिटिश रचनाकार एरिक ब्रॉडली यांच्या लोला गाडीवरून घेतलेली, आणि बांधणी लंडनजवळच्या स्लावमध्ये. 1966 चे विजेते मॅक्लारेन आणि एमन तर न्यूझीलंडचे. गाडी, संघ, चालक सगळेच अमेरिकन, हे जमले फक्त 1967 ला, गर्नी आणि फॉयट यांच्या जोडीने. पुढचे दोन्ही विजय ब्रिटिश जॉन वायर यांच्या संघाचे. तेही एकाच गाडीवर, चासी (गाडीचा सांगाडा) क्रमांक 1075.