मेंढरं म्हणे!

आज गावात खरीपपूर्व मेळावा झाला. पाहुणे शहरातून आलेले. माईक हातात आला अन् पहिलंच वाक्य, "तुम्ही शेतकरी म्हणजे मेंढरं. एकानं सोयाबीन पेरलं की अख्खं गाव सोयाबीन!" पुढच्या रांगेत दोघांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मागच्यांनीही वाजवल्या. माझं डोकं सणकलं ते अजून उतरलं नाही.

मंचावर बसलेल्या सगळ्यांच्या अंगात एकसारखं बिनबाह्यांचं जाकीट होतं बरं का. त्यांना कोण काय म्हणणार?

आमच्या बाबांनी एका वर्षी गावाचं पाहून पेरलं नाही. चहूबाजूंनी सोयाबीन, मधात आमची एकट्याची ज्वारी. बैलांना कडबा अन् घरी भाकरीला दाणे, एवढाच हिशोब. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची तेव्हा पाखरं वाटली जायची. त्या वर्षी सगळी आमच्याच कणसांवर. दिवसा पाखरं, रात्री रानडुकरं. बाबा टिनाचा डबा घेऊन मचाणावर जागली जायचे, शाळा सुटली की मी गोफण घेऊन. कणसं खुडायला बाया मिळेनात, साऱ्या सोयाबीन सोंगायला गेलेल्या. थ्रेशरवाला म्हणे, "एवढ्याशा ज्वारीसाठी चाळणी बदलवू काय, भाऊ?" अन् गाव म्हणे, शहाणपणा नडला.

एकट्याचं चुकलं की तो येडा. सगळ्यांसोबत बुडालं की "साल खराब होतं". मग माणूस शेजाऱ्याच्या वावरात डोकावून पेरतो, तं त्यात मेंढराची अक्कल कुठून आली?

बी.ए.ला मानसशास्त्र होतं, म्हणून हे डोक्यात बसलंय. २००५ साली एक प्रयोग छापून आला. खाऊची पारदर्शक पेटी, अन् ती उघडताना दाखवणारा मुद्दाम काही बिनकामाच्या ठोकाठोकी करायचा. चिंपांझींनी बिनकामाचं बरंचसं गाळलं अन् खाऊ काढला. माणसाच्या तीन-चार वर्षांच्या पोरांनी मात्र ठोकाठोकीसकट सगळं केलं. म्हणजे नक्कल माणसाचीच जास्त. कारण उघड आहे, आपल्याला सगळं दुसऱ्याचं पाहूनच शिकावं लागतं. वखर धरायला मला कोणी पुस्तक दिलं नव्हतं, बाबांच्या मागं मागं चाललो.

नकलेनं वाटोळंही होतं, नाही म्हणत नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यात एकमेकांचं ऐकून केलेली औषधांची मिश्रणंही होती. अन् शेजारच्या हळदीला सगळे पिवळ्या कपड्यात अन् डीजे, म्हणून आपणही कर्ज काढून तेच! पाहुणा यावर बोलला असता तं मी स्वतः त्याचा माईक धरून उभा राहिलो असतो. पण तो बोलला पेरणीवर, जिथं एकटं पडायची किंमत त्याला कधी मोजावी लागली नाही.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ च्या सुमारास अमेरिकेत एकेका माणसाला गटात बसवून रेघांची लांबी विचारली होती. बाकीचे सगळे ठरवून चुकीचं सांगत, अन् डोळ्यांनी खरं दिसत असूनही अशा एकट्या पडलेल्या माणसांपैकी चारातले तीन जण एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिळवत. पण गटात एकजण जरी खरं बोलणारा असला, की हे मान डोलावणं एकदम कमी व्हायचं. फक्त एक! तेव्हापासून मला ती ज्वारीच आठवते. धुऱ्याला लागून आणखी एका वावरात कणसं असती तं पाखरं वाटली गेली असती, जागल वाटली गेली असती, थ्रेशरवाल्यानंही चाळणी बदलवली असती. बाबा चुकले नव्हते हो, त्यांना जोडीदार नव्हता.

जाऊ द्या. पाहुणाही दुसऱ्याचं ऐकलेलंच भाषण करत असेल बिचारा.

संध्याकाळी बाबांना सांगितलं तं हसले. म्हणे, "धुऱ्यापलीकडचा तुझा काका यंदा ज्वारीचं विचारून राहिला होता."

"मग?"

"मी म्हटलं, तू पेरशील तं मी पेरतो. तो म्हणे, पहिले तू पेर."

बियाणं अजून दोघांनीही आणलं नाही.