दोनशे नव्याण्णवचा फ्रीज

रात्री साडेबाराला मोबाईलवर २९,९०० चा फ्रीज २९९ ला दिसला. कुणीतरी जांभई देताना दोन शून्यं गिळलीत, हे मला तेव्हाच कळलं. म्हणून तर घाई केली. एक घरी, एक निपाणीच्या आत्याला, एक खानापूरच्या मेव्हण्याला, आणि एक... असू दे की.

सकाळी बायको म्हणाली, "परवा गणपत गल्लीत भाजीवालीनं पन्नास जास्त दिले, तर उन्हातनं परत द्यायला गेला होता. आता काय झालं?"

"तिचं तोंड दिसतं गं. कंपनीला तोंड कुठलं?"

जुना फ्रीज आठशेला भंगारवाल्याला दिला. हातगाडीवर चढवताना त्याच्या मागनं एक वाळकं लिंबू आणि कुणाची तरी लग्नपत्रिका पडली. लग्नाला जायचं राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मेल आला: ऑर्डर रद्द, ११९६ रुपये परत. हेल्पलाइनवर कन्नड, हिंदी, इंग्रजी, मराठी नाही. बाजारापुरत्या कन्नडात भांडलो. पलीकडची पोरगी "तप्पु बेले, सर", म्हणजे किंमत चुकीची, यापुढं सरकेना.

मग शहापूरच्या वकीलमामांकडं गेलो. १८७२ चा करार कायदा त्यांना तोंडपाठ. "कलम २२. चूक एकाच बाजूची असली तर तेवढ्यावरनं करार मोडत नाही."

माझी छाती फुगली.

"पण आधी करार झाला काय? साईटवरची किंमत म्हणजे दुकानाच्या काचेतली पाटी. ऑर्डर हा तुझा प्रस्ताव, तो त्यांनी स्वीकारायला पाहिजे. आणि समोरच्याची चूक तुला ठाऊक असली, तर विषयच संपला. सिंगापुरात ३,८५४ डॉलरचा प्रिंटर ६६ ला लागला. सहा मित्रांनी रात्रीतनं १,६०६ मागवले आणि कोर्टात हरले. त्यांत वकीलही होते, बघ." हे सांगताना मामांना जरा जास्तच आनंद झाला. "तू किती मागवलास?"

"चार."

"चौथा कुणाला?"

मी चहा संपवला.

घरी दुधाचं पातेलं परातीत पाणी घालून ठेवलेलं. तसाच भंगारवाल्याकडं गेलो.

"अठराशे, मालक."

"अरे, आठशेला दिला की तुला!"

"ती तुमची चूक की."

माझाच फ्रीज उघडून त्यानं मला गार पाण्याची बाटली दिली.